वासाच्या खोलीतली नाकवाली

गॅस कंपनीत तिला सगळे नाकवाली म्हणत. पाठीमागे नव्हे, अगदी तोंडावर म्हणत आणि तिलाही ते आवडे. कौतुक करावे असे ते नाक दिसायला मुळीच नव्हते. जरा बसके, शेंड्याला लालसर, कायम सर्दी झाल्यासारखे. पण अर्धे आयुष्य तिने याच नाकावर काढले होते, आणि त्यामुळे त्यावर माशी बसू द्यायची नाही असा तिचा बाणा होता.

शेगडीतल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, हे कितीतरी लोकांना ठाऊकच नसते. गळती झाली तर कळावी म्हणून त्यात सडक्या कोबीसारखा वास मुद्दाम घालतात. कंपनीत त्या द्रव्याला औषध म्हणत. औषध किती पडले ते यंत्र बिनचूक सांगते, पण ते माणसाच्या नाकाला कळते की नाही, हे यंत्र बिचारे कुठून सांगणार? त्यासाठी वासाची खोली होती. खोली लहान, खिडकी नाही, भिंती वरचेवर धुतलेल्या. मधे एक टेबल आणि त्यावर चौघांसाठी चार नरसाळी. पलीकडच्या खोलीत केमिस्ट झडप किंचित किंचित उघडून हवेत गॅस मिसळत जाई. इकडे चौघांनी डोळे मिटून नरसाळ्याशी नाक धरायचे आणि वास लागला की बोट वर करायचे. गॅस फारसा मिसळण्याआधीच बोटे वर झाली तर ठीक. नाहीतर लोकांच्या घरी काहीतरी विपरीत व्हायचे.

चौघांत एक म्हातारा फिटर होता, एक स्टोअरकीपर, एक कँटीनवाली आणि चौथी ही. डोळे मिटायचा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलेला होता. तो पाळायची फक्त नाकवाली. बाकीचे तिघे पापण्यांच्या फटीतून तिच्या बोटाकडे बघत आणि ते वर गेले की आपापले वर करत. यात त्यांना काही गैर वाटत नसे. दुकानात चांगला तराजू असताना हातात वजन तोलून कोण बघत बसतो?

हे नाक तिला सापडले ते मावशीच्या लाँड्रीत. आई लवकर गेली, म्हणून मावशीने तिला वाढवले. लाँड्रीतल्या कपड्यांना लावलेल्या चिठ्ठ्या ओल्या होऊन गळून पडत आणि मग कुणाचा शर्ट कुणाचा, यावरून गिऱ्हाइकांची भांडणे लागत. ही पोर ढिगाऱ्यापुढे बसून एकेक कपडा नाकाशी नेई आणि सांगे, हा शिक्षकाचा, हा तंबाखू ओढणाऱ्या आजोबांचा, हा त्या आजारी बाईचा. धुतलेले कपडेसुद्धा तिला ओळखू येत. मावशी गिऱ्हाइकांना बोलावून बोलावून हा खेळ दाखवी. लोक हसत, पोरीच्या गालाला हात लावत, आणि पोर फुगून जाई. दिसायला बेताची, शाळेत बेताची, पण या एका गोष्टीत तिच्या जवळपास कुणी येत नव्हते. पुढे कंपनीत लागली तेव्हा आधी रस्त्यांवर गळती शोधणाऱ्या टोळीत होती. पथदिव्याखाली मध्येच थांबून ती पायाने जमीन ठोकी आणि म्हणे, इथे खणा. खणले की पाइपाला भोक मिळे. मग तिला वासाच्या खोलीत बसवले आणि नाकवाली हे नाव कायमचे चिकटले.

त्या वर्षीच्या थंडीत तिला ताप आला. अंथरुणातून उठली ती चेहरा धुवायला. साबण हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. साबणाला वास नव्हता. चहा पुढे आला, तो नुसता गरम होता. नवऱ्याचा बस चालवतानाचा डगला, डिझेलच्या वासाचा, रोज जो ती हाताच्या अंतरावर ठेवायला लावी, तो तिने चेहऱ्यावर दाबून धरला. काहीच नाही.

डॉक्टर म्हणाले, तापानंतर असे होते, येईल परत, थोडी वाट पाहा. डॉक्टरांचे काय जाते? तिने वाट पाहिली. आठवडे गेले, वास काही परतला नाही. आणि तिने कुणालाच सांगितले नाही. नवऱ्यालाही नाही. सांगितले असते तर कंपनीने दुसरे काम दिले असते, घरी बसवले नसते, हे तिला कळत होते. पण नाकवालीचे नाक गेले तर मग ती कोण? नुसती एक बसक्या नाकाची बाई. ही भीती तिला बाकी कशाहूनही मोठी वाटली. लोक म्हणतील हिला घमेंड होती. होतीच.

वासाच्या खोलीत तिने एक युक्ती शोधली. पलीकडची झडप जुनी होती. नेमका जिथे बहुतेक वेळा वास लागायचा, त्या खुणेवरून पुढे सरकताना ती टक् करून वाजे. इतकी वर्षे हा आवाज कानावर पडत होता, लक्ष कधी गेले नव्हते. आता ती डोळे मिटून बसे आणि कान टवकारून टक्ची वाट पाही. टक् झाले की बोट वर. तिचे बोट वर गेले की बाकीची तीन वर. सगळे सुरळीत चालले होते. दर वेळी खोलीतून बाहेर पडताना तिच्या पाठीला घाम फुटलेला असे, एवढेच.

याच दिवसांत कंपनीत नवा गॅस आला. तो आणायचा ध्यास केमिस्टचा. शहराबाहेर दुग्धशाळा होत्या आणि त्यांच्या शेणाचे डोंगर उघड्यावर कुजत पडलेले असत. त्यातून निघणारा गॅस आभाळात जाई आणि जगाच्या तापात भर घाली. केमिस्ट म्हणे, तो वाया का घालवायचा? मोठ्या बंद टाक्यांत शेण कुजवायचे, निघालेला गॅस धुऊन, गाळून, नको ते काढून टाकून स्वच्छ करायचा आणि सरळ आपल्या पाइपात सोडायचा. तेवढा जमिनीतून उपसलेला गॅस कमी जाळावा लागेल, धुरातला कार्बन कमी होईल. हे सांगताना त्याच्या चष्म्यावर वाफ धरे. वरच्या साहेबांची मनधरणी, दुग्धशाळावाल्यांच्या मिनतवाऱ्या, परवान्यांसाठी हेलपाटे, त्याच्या नाकी नऊ आले, पण त्याने ते करून दाखवले. नाकवालीला तो माणूस आवडायचा आणि त्याचे काम पटायचेही. तिने मावशीला मोठ्या अभिमानाने सांगितले की आता तुझा चहा शेणावर होणार. मावशीने कप खाली ठेवला आणि दोन दिवस चहाच्या आधी पातेल्याचा वास घेऊन बघितला.

मावशी राहायची शहराच्या त्याच टोकाला, टाक्यांच्या सगळ्यांत जवळ. नवा गॅस आधी तिच्याच गल्लीत पोचे. थंडीत लोकांचे हीटर चालू असताना तिथे जुना-नवा मिसळून जाई. उन्हाळा लागला, मागणी उतरली, आणि त्या टोकाला नुसता नवा गॅस जाऊ लागला.

सुरुवातीच्या चाचण्या चांगल्या झाल्या. फीत कापली गेली, फोटो निघाले, फोटोत नाकवाली पहिल्या रांगेत होती. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी केमिस्टने टाक्यांना नवे खाद्य दिले. जवळच्या रसाच्या कारखान्यात संत्र्यांच्या सालींचे ढीग पडत, फेकायला जागा नसे. त्या सालीही शेणात जाऊ लागल्या. गॅस वाढला, केमिस्ट खूश झाला. त्यानंतरच्या चाचणीत टक् वाजले, नाकवालीने बोट वर केले. तिला वाटले की बाकीची बोटे जरा सावकाश वर झाली असावीत, पण डोळे मिटलेले, कळणार कसे?

बाहेर आल्यावर कँटीनवाली तिच्याबरोबर चालू लागली. हात पुसत पुसत तिने विचारले की आज वास जरा गोडसर नव्हता का, म्हणजे नेहमीचा तो घाणेरडा वास असा ठसठशीत आलाच नाही.

"औषधाचा डबा बदलला असेल," नाकवाली म्हणाली. "तू चहाकडे बघ, वासाचं मी बघते."

कँटीनवाली गप्प झाली. तिच्या गप्प बसण्यातच नाकवालीचा जीव अडकला. त्या दिवसापासून तिला एका जागी बूड टेकवता येईना. घरी ती शेगडीचे बटण बंद करी, खोलीतून बाहेर जाई आणि परत येऊन बटणाला हात लावून बघे. नवरा शाळेच्या बसवर ड्रायव्हर होता, शांत माणूस. तो एकदा म्हणाला की हे बटण तू इतक्यांदा बंद केलेस तर ते तुटून हातात येईल. तिने त्याच्याकडे असे बघितले की पुढे तो काही बोलला नाही. ऑफिसात ती कारण नसताना केमिस्टच्या खोलीपर्यंत जाई आणि दारातून परत फिरे. सांगावे, असे तिला वाटे. मग वाटे, कँटीनवालीला काय कळते? यंत्र म्हणते औषध बरोबर आहे. मग उगाच आपणच आपले नाक कापून का द्यायचे?

रविवारी दुपारी ती मावशीकडे गेली. मावशीची आठवण हल्ली विरळ होत चालली होती. शेगडीचे बटण फिरवायची, काडी शोधायला जायची आणि काडी शोधता शोधता दुसऱ्याच कामाला लागायची. नाकवालीने तिला विजेची शेगडी आणून दिली होती, मावशीने तिच्यावर टॉवेल वाळत घातले. वास आला की मला आपोआप कळतं, एवढे म्हणून विषय संपवायची.

मावशी खिडकीशी बसून जुन्या चादरीला ठिगळ लावत होती. नाकवाली आत आली आणि दारातच थांबली. कुठूनतरी बारीक फुस् असा आवाज येत होता. वास गेल्यापासून तिचे कान फार तिखट झाले होते. ती तीरासारखी स्वयंपाकघरात गेली. पातेले शेगडीवर, बटण पूर्ण उघडे, ज्योत नाही.

तिने बटण बंद केले, खिडक्या सताड उघडल्या, मावशीला दंडाला धरून बाहेर जिन्यात आणले. मावशी ओरडली की सुई कपड्यात राहिली, टोचेल कुणालातरी. नाकवाली पायरीवर बसली.

"मावशी, तुला वास नाही आला?"

"कसला वास?" मावशी म्हणाली. "मघापासून घरात संत्री सोलल्यासारखं वाटतंय. छान वाटतंय. तूच आणलीस का?"

मावशीची आठवण गेली होती, नाक गेले नव्हते. जिन्यात येता येताच तिने भाचीला सांगितले होते की तुझ्या केसांना बसच्या धुराचा वास येतोय, धू जरा. म्हणजे नाक चांगले असलेल्या माणसालाही गॅसचा वास आला नव्हता. आणि त्या गॅसला नाकवालीने बोट वर केले होते. एवढी गोष्ट तिच्या डोक्यात शिरली आणि मग तिथून निघेना. ही गल्ली, पुढची गल्ली, टाक्यांपासून पार बाजारापर्यंत घरोघरी तोच गॅस होता. कितीतरी घरांत अशीच एखादी विसरभोळी म्हातारी असेल आणि तिच्याकडे भाची रविवारची येत नसेल.

तिने तातडीच्या नंबरला फोन केला. गाडी आली, दोघे जण यंत्रे घेऊन घरात फिरले. त्यांनी सांगितले की पाइप ठीक, जोड ठीक, गॅसमधले औषधही अगदी हवे तेवढेच आहे. आजींना वयामुळे कळले नसेल. त्यातला एक जण नाकवालीला ओळखणारा निघाला. तो हसून म्हणाला की तुम्ही घरात असताना आम्ही काय वेगळे सांगणार? तिने मान हलवली. मावशीला तिने आपल्या घरी आणले आणि संध्याकाळभर ती खोलीतून खोलीत फिरत राहिली. मावशी म्हणाली, तू बसशील का, मला चक्कर येतेय तुझ्याकडे बघून.

तिला सुटायची एक वाट दिसत होती. जुन्या गंजक्या पाइपात कधी कधी औषधाचा वास विरतो, हे कंपनीत सगळ्यांना माहीत होते. तिने फक्त एवढे म्हणायचे की चाचणीच्या वेळी वास होता, मावशीच्या गल्लीत पोचेपर्यंत विरला असेल. कुणी तिला काही विचारले नसते. सगळे उठून पाइप खणायला लागले असते. आठ-पंधरा दिवस खणत बसले असते, आणि तोवर संत्र्याच्या वासाचा गॅस घरोघरी जात राहिला असता. दुसरी काळजी केमिस्टची होती. एवढ्या खटपटीने उभे केलेले काम तिच्या एका वाक्याने बंद पडेल, लोक नव्या गॅसलाच नावे ठेवतील. आणि तिसरी काळजी सगळ्यांत लाजिरवाणी, म्हणून ती तिने स्वतःशीही नीट कबूल केली नाही. उद्यापासून तिला नाकवाली कोण म्हणणार?

सकाळी नवऱ्याने तिच्यापुढे टोस्ट ठेवला. एक घास खाऊन ती सरळ म्हणाली की मला वास येत नाही. तो म्हणाला की मला माहीत आहे. मागच्या महिन्यात टोस्ट कोळसा होईपर्यंत जळला तेव्हा तू शेजारीच बसली होतीस. मग आधी का नाही बोललास, असे ती चिडून म्हणाली. तो म्हणाला की तू बोलशील म्हणून थांबलो. तिला त्याचा राग आला आणि तो राग पार ऑफिस येईपर्यंत पुरला. बरेच झाले, नाहीतर ती दारातून पुन्हा मागे फिरली असती.

केमिस्टच्या टेबलावर मावशीच्या घरचा अहवाल आधीच येऊन पडला होता. तो म्हणाला की यंत्र तर बरोबर सांगतेय, आजींचे वय झाले, पण खात्री म्हणून तुम्ही एकदा इथे बसून वास घ्या. तुम्ही म्हणालात ठीक आहे, म्हणजे ठीक आहे. एवढे बोलून त्याने काचेची कुपी तिच्यापुढे सरकवली. तिने कुपी उचलली, आणि न उघडता खाली ठेवली.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "थंडीत ताप आला तेव्हापासून. कशाचाच येत नाही."

केमिस्टला वाटले ती गंमत करतेय. मग तिचा चेहरा बघून त्याने चष्मा काढला.

"मग बोट वर कसं करत होतात?"

"तुमची झडप वाजते. त्या आवाजावर."

त्याने चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. ओरडला असता तर तिला सोपे गेले असते. मग त्याने हळू आवाजात विचारले की पण बाकीच्या तिघांनीही बोट वर केले होते ना? तिने सांगितले की मला माहीत नाही, मी डोळे मिटून बसते. आणि मग कँटीनवालीचे ते गोडसर वासाचे बोलणे सांगितले, आपण तिला कसे गप्प केले तेही सांगितले. ते सांगताना तिचा आवाज फुटला. नाक गेल्याचे सांगताना फुटला नव्हता.

"आजींना कसला वास आला म्हणालात?"

"संत्र्याचा."

केमिस्ट उठून उभा राहिला. सालींतले तेल. टाक्यांतून, गाळण्यांतून ते वाफ होऊन पार गॅसपर्यंत आले होते. औषध होते तेवढेच होते, पण त्याच्यावर संत्र्याचा वास चढून बसला होता, आणि औषध मोजणाऱ्या यंत्राला तो दिसत नव्हता. साली टाकायला मीच सांगितले, तो म्हणाला. असे होऊ शकते हे मला माहीत होते, चाचणीत कळेल म्हणून मी निर्धास्त होतो.

मग तिघांना एकेकटे खोलीत बसवले. म्हाताऱ्या फिटरला काही लागले नाही. कँटीनवालीला संत्रे लागले. स्टोअरकीपरने नरसाळ्याशी नाक धरले, इकडेतिकडे बघितले आणि केमिस्टला विचारले की बाई येणार नाहीत का? सगळ्यांचे शेवटी एकच निघाले. मागच्या वेळी कुणालाच औषधाचा वास आला नव्हता. प्रत्येकाला वाटले की आपलेच नाक आज बसले आहे, आणि बाईंचे बोट तर वर आहे.

तासाभरात नव्या गॅसची झडप बंद झाली. दुसऱ्या बाजूने जुना गॅस आणून त्या टोकाला सोडला. गल्लीगल्लीतून गाड्या फिरल्या, लोकांना खिडक्या उघडायला, बटणे तपासायला सांगितले. कुठे काही विपरीत झालेले नव्हते. पण दोन घरांत सैल जोड सापडले. पुढचे दिवस वाईट गेले. वर्तमानपत्रांनी खिल्ली उडवली. दुग्धशाळावाले शेणाचे करायचे काय म्हणून दारात येऊन बसले. साहेबांनी केमिस्टला सगळ्यांसमोर झाडले. त्याने तिचे नाव मध्ये आणले नाही, म्हणून तिने स्वतः जाऊन साहेबांना सांगितले. तिची वासाच्या खोलीतून बदली झाली. कंपनीत तिला आता कुणी नाकवाली म्हणेना. काय म्हणावे ते न कळून लोक तिला काहीच म्हणत नसत. फिटर समोरून आला की बूट बघत निघून जाई. कँटीनवालीने मात्र एक दिवस तिच्यापुढे चहा ठेवला आणि सांगितले की आज यात आले घातलेय, उगाच विचारात पडू नकोस.

तिला बसवले तातडीच्या फोनवर. घरात गॅसचा वास आला की लोक ज्या नंबरला फोन करतात, तो ती उचले. कानाला यंत्र लावून ती अनोळखी लोकांना विचारी की वास कसा येतोय, कुठे जास्त येतोय, तुम्ही आत आहात की बाहेर. लोक सांगत आणि ती ऐके. काम साधे होते, पण तिला स्वस्थता नव्हती. दोन फोनांच्या मध्ये ती उभी राही, खिडकीपर्यंत जाई, परत येई. मावशीने आपल्या घरी जायचा हट्ट धरून तो पुराही केला होता. नाकवालीने तिच्या गळ्यात फोन अडकवला आणि रोज जाऊन घोकून घेतले: वास आला की बटण बंद, खिडकी उघडी, मग बाहेर, बाहेर गेल्यावरच फोन. मावशी प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐके. शेजारणीला शेगडीवर लक्ष ठेवायला सांगितले होते, पण शेजारीण काही दिवसभर बसून राहणार नव्हती.

उन्हाळा सरत आला तेव्हा केमिस्टने नवा गॅस पुन्हा उभा केला. साली बंद झाल्या. टाक्यांपुढे कोळशाची मोठी गाळणी बसली. वासाच्या खोलीत चार पडदे लागले, एकाला दुसऱ्याचे बोट दिसू नये म्हणून, आणि नाके दर खेपेला बाहेरून नवी आणायची असे ठरले. झडपही बदलली, आता ती वाजत नव्हती. एवढे सगळे होऊनही, नवा गॅस पुन्हा सोडला त्या दिवशी नाकवालीचा जीव टांगणीला लागला होता. कागदावर सगळे ठीक होते. कागदावर तर मागेही ठीकच होते. सकाळपासून दहा वेळा तिने मावशीला फोन लावायला हात उचलला आणि तातडीची लाइन अडकेल म्हणून खाली ठेवला. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी वैतागून म्हणाली की तुम्ही बसा हो जरा.

दुपारी फोन वाजला.

"हॅलो, गॅसचा वास येतोय हो," पलीकडून आवाज आला.

आवाज मावशीचा होता, तिने तो लगेच ओळखला. तरी तोंडातून सवयीने प्रश्न बाहेर पडला. तुम्ही आत आहात की बाहेर?

"बाहेर. जिन्यात उभी आहे. बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि मग आले. माझ्या भाचीनं सांगून ठेवलंय तसं." मावशीला धाप लागली होती. "अगं, तूच आहेस का ही?"

"मीच आहे. गाडी निघाली." खरेच निघाली होती, बोलता बोलता तिने पत्ता पुढे पाठवला होता. "मावशी, वास कसा येतोय?"

"कसा म्हणजे? घाण. कोबी सडल्यासारखा. डोकं उठलं माझं, नाकाला पदर लावून बाहेर आले."

नाकवालीचे डोळे भरून आले. शेजारची मुलगी तिच्याकडे बघायला लागली. तिने तोंड खिडकीकडे वळवले.

"परत सांग."

"काय सांगू?"

"वास. परत एकदा सांग कसा आहे."

"तुला तिकडे येत नाही का? तुला तर लांबूनसुद्धा यायचा."

"नाही येत, मावशी," नाकवाली म्हणाली. "आता मला नाही येत. तू सांग."

मावशीने नाकाने जोरात श्वास ओढल्याचा आवाज फोनमध्ये आला. "बरं, ऐक मग," ती म्हणाली, आणि जिन्यात उभ्या उभ्या तो घाणेरडा वास भाचीला अगदी सविस्तर सांगू लागली. खाली गाडीचे दार आपटल्याचा आवाज येईपर्यंत नाकवाली ऐकत होती.